आईपण नाकारणाऱ्या तीन इटालियन कादंबऱ्या: आधी कोणती घ्यावी?

मूल नको म्हणणारी बाई आणि झालेलं मूल सोडून जाणारी बाई, दोघींना आपण एकाच मापाने मोजतो. या तीन कादंबऱ्या वाचल्या की ते जमत नाही.

माझं मत आधीच सांगते: एकच वाचणार असाल तर सिबिला आलेरामोची ‘ऊना दोन्ना’ (‘एक बाई’), १९०६ची. लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली. ज्याने बलात्कार केला त्याच्याशीच लग्न, मग मुलगा. तेव्हाच्या कायद्याने मुलावर हक्क बापाचा. घर सोडायचं म्हणजे मुलगा गमवायचा. जुन्या कागदांत नायिकेला आईचं अर्धवट पत्र सापडतं: इथे वेड लागेल, जायलाच हवं. आई गेली नाही, मुलांसाठी राहिली, आणि वेड्यांच्या इस्पितळात पोचली. मुलगी जाते. तिचं मुलावर जिवापाड प्रेम आहे. ती नाकारते ते आईने स्वतःला संपवण्याचं व्रत, जे आईकडून लेकीकडे वारशासारखं येतं. मुलाने कधीतरी वाचावं म्हणून ती हे सगळं लिहून ठेवते. ती शेवटची पानं मला एका बैठकीत वाचवली नाहीत.

ओरियाना फालाचीचं ‘न जन्मलेल्या बाळास पत्र’ १९७५चं, म्हणजे इटलीत गर्भपात कायदेशीर होण्याच्या तीन वर्षं आधीचं. लग्न न झालेली, नोकरी करणारी बाई पोटातल्या जीवाशी बोलते, भांडते. ठाम नकार हवा असेल तर इथे मिळणार नाही, मिळेल ती घालमेल. बाळ पोटातच दगावतं, आणि स्वप्नात तिच्यावर खटला चालतो. आकाराने लहान, पण नुकतंच पोटातलं मूल गमावलेल्या मैत्रिणीला हे पुस्तक मी देणार नाही.

एलेना फेर्रान्तेची ‘ला फिल्या ओस्कूरा’ (इंग्रजीत ‘द लॉस्ट डॉटर’, २००६) सर्वांत अस्वस्थ करते, कारण इथे छळ करणारा नवरा नाही, आड येणारा कायदा नाही. प्राध्यापक लेडा दोन लहान मुलींना तीन वर्षं सोडून गेली होती, मग परत आली. आता समुद्रकिनाऱ्यावर ती एका चिमुरडीची बाहुली उचलते आणि मुलगी रडून हैराण झाली तरी परत करत नाही. बाहुलीच्या पोटात साचलेलं काळं पाणी ती दाबून काढते. असं का वागते, हे तिलाही धड सांगता येत नाही.

तिन्ही इंग्रजीत मिळतात. फेर्रान्तेच्या कादंबरीवरचा २०२१चा चित्रपट पाहिला असेल, तरी बाहुलीची पानं वाचाच.