पेन जिगमास्टर ५०० ला कार्बनचे ड्रॅग वायसर: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

पेन जिगमास्टर ५०० हे मासेमारीचं रीळ सहजासहजी मरत नाही. जहाजावर किंवा आखातात नोकरी केलेल्यांच्या घरी माळ्यावर ते अजूनही सापडतं: काळ्या प्लेटा, क्रोम चढवलेल्या पितळी कड्या, हँडलखाली ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ठरलेल्या ताणाने सुटू देणाऱ्या ब्रेकचा, आवळायचा स्टार. गिअर ४:१, ३० पौंडी तंगूस (नायलॉनची दोरी) भरायची सोय सुमारे २५० मीटर. गिअर शाबूत असतात, स्पूलही मस्त फिरतं, पण मोठा मासा लागला की ड्रॅग आधी अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. त्या झटक्यात गाठ जाते नाहीतर गळ सरळ होतो. जुन्या रिळांतले मूळचे वायसर कातड्याचे किंवा दाबलेल्या तंतूंचे असतात. वर्षानुवर्षं खारं पाणी, जुनं ग्रीस आणि आवळून ठेवलेला स्टार सोसून ते धातूला चिकटून बसलेले असतात.

यावर दोन सरळ पर्याय आहेत. एक, पेनचे स्वतःचे एचटी-१०० वायसर. दुसरा, स्मूथ ड्रॅगचे कार्बनटेक्स. दोन्ही कार्बन तंतूंच्या विणीचे आहेत आणि दोन्ही तापले तरी जळत नाहीत. निकाल आधीच सांगून टाकतो: घ्या, पण ड्रॅगचे किलो वाढतील म्हणून घेऊ नका. ड्रॅग एकसारखा सुटावा यासाठी घ्या. जास्त ताकदीच्या आशेने जे हे रीळ घट्ट आवळतात, ते शेवटी गिअरची स्लीव्ह (हँडल जिच्यावर बसतं ती मधली नळी) नाहीतर प्लेट गमावतात.

दोन्हींत निवडायचं तर मापाचा एचटी-१०० कमी कटकटीचा. जिगमास्टर ५०० ला लागणाऱ्या वायसरचा पार्ट नंबर ६-६०, आणि ते तीन लागतात. स्क्विडर १४० आणि लाँग बीचच्या ६०, ६५ या रिळांनाही हाच वायसर चालतो, त्यामुळे मिळायला अडचण येत नाही. कार्बनटेक्सची वीण थोडी दाट आणि कडा स्वच्छ कापलेल्या वाटतात. ग्रीस लावल्यावर हाताला दोघांत फारसा फरक कळत नाही. परदेशातून मागवायचं असेल तर वायसरपेक्षा टपालच महाग पडतं, म्हणून एका रिळाचे मागवू नका. ओळखीतल्या दोघातिघांची रिळं गोळा करा आणि एकदम मागवा.

आता आतली रचना. मुख्य गिअरच्या पोकळीत, खालून वर, असा थर असतो: कार्बन वायसर, मग मधल्या भोकाला चपट्या बाजू असलेला धातूचा वायसर, पुन्हा कार्बन, मग बाहेरच्या कडेला कान असलेला धातूचा वायसर, तिसरा कार्बन, आणि सगळ्यात वर पुन्हा चपट्या भोकाचा. चपट्या भोकाचे वायसर स्लीव्हला, म्हणजे हँडलला, बांधलेले असतात. कानवाला गिअरच्या खाचांत बसतो आणि गिअरबरोबर फिरतो. घसरण या दोन गटांमध्ये होते, म्हणून तीन कार्बन वायसर म्हणजे घर्षणाच्या तीन जागा. चौथी जागा गिअरच्या खाली असते. तिथे एक पातळ फायबरचा वायसर असतो आणि बहुतेक लोक तो तसाच सोडतात. ड्रॅग सुटताना गिअर त्याच्यावर घासत फिरतो. तो फुगलेला किंवा कडेला सोललेला असेल, तर वर कितीही महाग कार्बन घाला, हिसके राहतातच. तो नक्की बदला. गुळगुळीतपणा हवा असेल तर डेल्रिनचा (कठीण, घसरड्या प्लास्टिकचा) घ्या, थोडी ताकद हवी असेल तर कार्बनचा. जिगमास्टरला डेल्रिन जास्त शोभतो.

खोलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण घाई नको. खाली पांढरं फडकं अंथरा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. हँडलच्या नटावरचा छोटा लॉक स्क्रू काढा, मग नट, हँडल, स्टार, त्याखालची नळी आणि ताणाचा वाकडा स्प्रिंग वायसर. त्यानंतर हँडलकडची प्लेट रिळापासून मोकळी करा. ड्रॅगचा थर प्लेटच्या आत ब्रिजवर (गिअर धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर) असतो, बाहेरून हात पोचत नाही. ब्रिज धरून ठेवणारे चार बारीक स्क्रू प्लेटच्या बाहेरून दिसतात. त्यांच्या खाचा मऊ असतात, त्यामुळे खाचेत चपखल बसणारा पेचकसच वापरा. स्क्रू अडला तर जोर लावण्याआधी भेदक तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. ब्रिज उचलताना हात फडक्याखाली असू द्या, कारण योकच्या (छोटा गिअर धरणाऱ्या तुकड्याच्या) दोन बारीक स्प्रिंगा इथेच उडतात, आणि पलंगाखाली गेलेली स्प्रिंग कोणाला मिळत नाही.

थर बाहेर काढला की वायसर जसे निघतील तसे, त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. जुने वायसर चिकटले असतील तर पातळ सुरीने अलगद सोडवा. ते घासून पुन्हा वापरायचा मोह आवरा. पूर्वी घर्षणाच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत. तुमच्या रिळात काय आहे ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून कोरडी धूळ उडू देऊ नका. ओल्या चिंधीने उचला आणि टाकून द्या.

सगळ्यात महत्त्वाचा भाग धातूच्या वायसरांचा आहे, आणि विकणारे नेमका तोच सांगत नाहीत. कार्बन नवा आणि धातू जुना, खड्डे पडलेला किंवा बशीसारखा वाकलेला असेल, तर ड्रॅग एका फेरीत एकदा घट्ट आणि एकदा सैल होतो. काचेच्या तुकड्यावर वायसर ठेवून बोटाने दाबा. डुगडुगला तर तो वाकलेला आहे. किंचित वाकलेला असेल तर काचेवर ६०० नंबरचा पाणकागद ठेवा आणि पाण्यात गोल गोल घासून सपाट करा. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर वायसर बदला. कानवाल्याचे कान बघा, आणि गिअरच्या खाचाही बघा. खाचांच्या कडा चेपल्या असतील तर बारीक कानशीने फक्त उठलेला बर्र काढा, खाच रुंद करू नका. खाच रुंद झाली की कान तिथे आपटत राहतात आणि ड्रॅग सुटायच्या क्षणी टक् असा आवाज येतो. स्लीव्हच्या चपट्या बाजूही तपासा. ती पितळी असेल आणि कडा गोल झाल्या असतील, तर ती बदलल्याशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नाही. स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह मिळत असेल तर आणखी उत्तम.

सगळं रॉकेलने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, आणि पूर्ण वाळवा. कार्बन वायसरना मात्र रॉकेल लावू नका, ते नवेच आहेत.

ग्रीस लावायचं की नाही यावर वाद आहे. कोरड्या कार्बनची कमाल ताकद थोडी जास्त असते, पण सुरुवातीला तो किंचित अडतो. मुख्य म्हणजे आत शिरलेलं खारं पाणी धातूवर बसतं, आणि पावसाळ्यात रीळ दोन महिने पडून राहिलं की पुन्हा तोच चिकटण्याचा रोग सुरू होतो. खाऱ्या पाण्यासाठी ग्रीसच लावा. त्यासाठी ड्रॅगचंच ग्रीस हवं. कॅल्सचं ग्रीस टेफ्लॉनयुक्त आहे, उन्हात पातळ होऊन वाहत नाही आणि यात सर्वांत खात्रीचं वाटतं. गॅरेजमधलं बेअरिंगचं पिवळं ग्रीस नको, ते काही महिन्यांत घट्ट होतं. प्रमाण असं: वायसरच्या दोन्ही बाजूंना बोटाने चोळून वीण भरून घ्या, मग वरचं पुसून टाका. वायसर ओलसर चमकला पाहिजे, पण ग्रीसचा थर दिसता कामा नये. जादा ग्रीस आवळल्यावर बाहेर येतं आणि खाली डॉगपर्यंत, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणाऱ्या खिट्टीपर्यंत, पोचतं. डॉगला फक्त तेलाचा एक थेंब पुरतो. तिथे ग्रीस साचलं की डॉग वेळेवर पडत नाही, हँडल उलटं फिरतं आणि बोटांच्या सांध्यांवर आपटतं. मासा जोरात पळत असताना हे झालं तर हाडही मोडू शकतं.

जोडताना दोन चुका हमखास होतात. पहिली, थराची उंची. जुने वायसर दबून पातळ झालेले असतात, नाहीतर नव्यांची जाडी वेगळी असते. जुन्या-नव्या दोन्ही थरांची उंची व्हर्निअरने मोजा. नवा थर बुटका झाला तर स्टार आवळताना आटे संपतात, म्हणजे ड्रॅग पुरता न आवळताच स्टार टेकतो. त्यावर उपाय म्हणजे वरच्या वायसरवर एक पातळ शिम (भरीची चकती). उंची जास्त झाली तर स्टार सैल केला तरी ड्रॅग मोकळा होत नाही आणि हँडलही नीट बसत नाही. दुसरी चूक ताणाच्या स्प्रिंग वायसरची. वर्षानुवर्षं दबून तो सपाट झालेला असतो. मग स्टारच्या पाव फेरीत ड्रॅग शून्यावरून कुलपापर्यंत जातो आणि मधली नेमकी जागा सापडतच नाही. इथे वाकडा नवा वायसर घाला, किंवा बशीच्या आकाराचे दोन वायसर तोंडाला तोंड लावून बसवा. मग स्टारच्या अर्ध्या-पाऊण फेरीत ताण हळूहळू वाढत जातो. या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जाणवणारा फरक हाच.

जोडून झालं की ड्रॅग मध्यम ठेवा आणि तीस-चाळीस मीटर दोरी हाताने ओढून वायसर बसवून घ्या. मग ताणकाटा. रीळ रॉडवर बसवा, दोरीचं टोक काट्याला बांधा आणि सरळ रेषेत, सारख्या वेगाने ओढा. दोन आकडे बघा: दोरी सुटायच्या क्षणीचा आणि सुटत असतानाचा. पहिला दुसऱ्यापेक्षा फार तर दहा-पंधरा टक्के जास्त असावा. त्याहून जास्त असेल तर गिअरखालचा वायसर किंवा वाकलेला धातू, यापैकी एक दोषी आहे, पुन्हा उघडा. ड्रॅग दर फेरीत एकाच जागी अडत असेल तर संशय धातूच्या वायसरवर घ्या. सगळीकडेच थरथरत असेल तर ग्रीस कमी पडलं आहे.

३० पौंडी दोरी म्हणजे साधारण १३.५ किलो. ड्रॅग तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा, म्हणजे सुमारे ३.५ ते ४.५ किलो. सुरमईसाठी खालचा आकडा, कारण तिची पहिली धाव लांब आणि तोंडाची पकड नाजूक. तळाशी चिकटून बसणाऱ्या पाकटासाठी वरचा. आणि हे विसरू नका: स्पूल रिकामं होत गेलं की तोच ड्रॅग दोरीवर जास्त पडतो. भरलेल्या दोरीचा घेर दोन तृतीयांशावर आला की ४ किलोचे ६ होतात, स्टारला हात न लावता. लांब धावणाऱ्या माशावर शेवटी स्टार आवळणारा माणूस दोरी स्वतःच तोडतो.

आता किलोंचं. ५० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) भरून याच रिळातून ८-१० किलो ड्रॅग मागणारे बरेच आहेत. बाजारात पाच पातळ वायसरांचे थर आणि वेगळे गिअरही मिळतात, ते खरंच जास्त ओढतात. पण या रिळाची चौकट तेवढ्यासाठी केलेली नाही. ताण वाढला की दोन प्लेटा जोडणाऱ्या काड्यांची चौकट पिळते, स्पूलचा आस तिरका होतो, गिअरचे दात कडेवर झिजतात. साधारण ६ किलोच्या पुढे या रिळाकडून काही मागू नये, हे आमचं मत. त्यापुढचं हवं असेल तर अखंड ॲल्युमिनियमच्या चौकटीचं रीळ घ्या. जिगमास्टरवर केलेला खर्च तेव्हा वाया जातो. स्पूल प्लास्टिकचं असेल तर आधी धातूचं शोधा. दाबाने गुंडाळलेली तंगूस आकसते आणि प्लास्टिकच्या कडा फोडते, ड्रॅग कितीही चांगला असला तरी.

काम झाल्यावर निगा थोडीच आहे. समुद्रावरून आल्यावर स्टार आवळा, म्हणजे पाणी थरात शिरत नाही, आणि गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. बादलीत बुडवू नका. पुसलं की स्टार पूर्ण सैल करा आणि रीळ तसंच ठेवा. वापर नेहमीचा असेल तर थर वर्षातून एकदा उघडावा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारीबंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेवढ्यात हे काम उरकतं. कार्बन वायसर तेव्हा फेकू नका. ते झिजलेले नसतात, कळकटलेले असतात. ग्रीस पुसा, नवं लावा, पुन्हा बसवा. बदलायची वेळ येते ती धातूच्या वायसरांची आणि स्प्रिंग वायसरची, म्हणून पहिल्याच मागणीत त्यांचा एक जादा जोड टाकून ठेवा.