वेणीचं शेपूट झालंय: एकदाच कापावं, थोडं थोडं कापावं, की कात्रीच लावू नये?

वर मूठभर वेणी आणि शेवटच्या वितीत करंगळीएवढं शेपूट. लांब, नैसर्गिक केस राखणाऱ्या बहुतेकींवर ही वेळ कधी ना कधी येते आणि सल्ले तीन बाजूंनी येतात. पार्लरमधली ताई म्हणते, चार इंच काढून टाकू. मैत्रीण म्हणते, दर दोन महिन्यांनी ट्रिम कर. घरून आई सांगते, कात्री नको, तेल लाव. यातलं कुणाचं ऐकायचं हे टोकं कशामुळे विरळ झाली आहेत त्यावर ठरतं, म्हणून आधी तेवढं तपासून घ्या.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेशी पोचलेलं टोक चार-पाच वर्षांचं असतं. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ वेगळा, दोन ते सहा वर्षांचा. रोज 50 ते 100 केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. त्यामुळे सगळे केस एकाच वेळी कमरेपर्यंत पोचलेले कधीच नसतात. वेणी खाली थोडी निमुळती होण्याचं हे पहिलं कारण, आणि तो दोष नाही.

दुसरं कारण फार जणींच्या लक्षात येत नाही. बाळंतपण, डेंगी किंवा टायफॉइडसारखा ताप, उपाशी राहून केलेलं डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. पुढे ते पुन्हा येतात, पण नवे केस कमरेपर्यंत यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर वर दाट आणि खाली विरळ असंच दिसणार. इथे काहीही तुटलेलं नसतं.

तिसरं कारण म्हणजे खरोखरची तूट. ती ओळखायला विंचरताना खाली पांढरा कागद अंथरा. पडलेला केस लांब आहे आणि एका टोकाला बारीक पांढरी गाठ आहे, तर तो मुळापासून गळलाय. तुकडा आखूड आहे आणि दोन्ही टोकं मोकळी आहेत, तर तो तुटलाय. मग खिडकीशी उभं राहून वेणीचं टोक उजेडात धरा. फाटे फुटलेले, मध्येच पांढरे ठिपके दिसणारे केस बरेच असतील तर टोकं झिजली आहेत.

कात्रीचे तीन मार्ग

झिजलेल्या टोकांसाठी मी एकदाच कापण्याच्या बाजूची आहे. फाटलेला केस सांधता येत नाही. फाटा वर सरकत जातो आणि जाता जाता शेजारच्या केसांत अडकून त्यांनाही तोडतो. 10 सेंटीमीटर कापले तर साधारण आठ महिन्यांत भरून येतात. ते न कापता वर्षभर सांभाळत बसलात, तर त्यातली बरीच लांबी तुटण्यात जाऊ शकते.

दर दोन महिन्यांनी इंचभर ट्रिम करण्याचा हिशेब मात्र नीट मांडा. दोन महिन्यांत केस अडीच सेंटीमीटर वाढले आणि इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटरच कापले. लांबी जागच्या जागी. ‘माझे केस वाढतच नाहीत’ म्हणणाऱ्या कित्येकींचं उत्तर या वजाबाकीत आहे. लांबी हवी असेल तर तीन महिन्यांनी एक सेंटीमीटर पुरे; वर्षाला 11 सेंटीमीटर हाती राहतात. पण हाच इंचभर ट्रिम दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे आजारपणानंतर पुन्हा येणाऱ्या केसांसाठी, अगदी योग्य ठरतो. लांबी वर्षभर तिथेच धरून ठेवली की मागून येणारे नवे केस तोवर 15 सेंटीमीटर पुढे येतात आणि वेणीचा जाड भाग खाली सरकतो. एकदम बॉब करायचा जीव होत नसेल तर हा रस्ता घ्या.

टोकं निरोगी असून नुसती निमुळती असतील तर फक्त फाटे वेचा. बोटभर बट घेऊन पीळ द्या. पिळातून बाहेर डोकावणारी टोकं दिसतील. त्यांतली फाटलेली तेवढी, फाट्याच्या अर्धा सेंटीमीटर वर कापा. केसांची वेगळी कात्री घ्या, कारण कागद-कापडावर बोथट झालेल्या कात्रीने केस चेचला जातो आणि तिथेच पुन्हा फाटतो. वेळखाऊ काम आहे, पण लांबी जवळजवळ काहीच जात नाही.

ट्रिमने मुळाशी वाढ जोमाने होते, हे मात्र खरं नाही. मुळाला टोकाची खबर नसते.

पार्लरमध्ये कोणता कट सांगता यालाही महत्त्व आहे. स्टेप कट, लेयर्स, फेदर कट यांत खालचे केस मुद्दामच कमी केलेले असतात. व्ही कटमध्ये तर टोकाशी मोजकेच केस उरतात. विरळ टोकांची तक्रार असेल तर सरळ रेषेत कापून घ्या, फार तर उथळ यू. ‘थोडेसे’ असं न सांगता बोटाने दाखवून सांगा, आणि ओल्या केसांत मोजमाप होऊ देऊ नका. कुरळे केस वाळल्यावर बरेच वर चढतात.

तेल की सीरम?

या प्रश्नावर मुंबईत झालेलं काम उपयोगी पडतं. मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) केसांवर तपासून पाहिलं. केसातलं प्रथिन धुऊन जाणं लक्षणीय कमी केलं ते फक्त खोबरेलाने, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनही त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतं. मिनरल ऑइल वरच राहतं. म्हणून ‘हलकं, न चिकटणारं’ तेल घेताना ते मिनरल ऑइल तर नाही ना, हे बाटलीच्या मागच्या बाजूला वाचा.

सीरमचं काम वेगळं. त्यातलं सिलिकोन केसावर बाहेरून पातळ थर देतं, घर्षण कमी करतं, गुंता सुटायला मदत करतं. फाटा जोडत नाही, झाकतं. मी दोन्ही ठेवीन: न्हाण्याआधी काही तास खांद्याखालच्या लांबीला चमचाभर खोबरेल, न्हाल्यावर टोकांना सीरमचे दोन थेंब. एकच परवडत असेल तर खोबरेल. डोक्यात कोंडा असेल तर तेल टाळूला न लावता फक्त लांबीला लावा, कारण कोंड्याशी निगडित यीस्ट तेलावरच पोसतं. एरंडेल लांब केसांना एकटं लावू नका, ते इतकं दाट असतं की गुंता होतो. कांद्याचा रस टोकांसाठी निरुपयोगी.

शॅम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. शिकेकाई चालते, पण भरड पूड लांबीवर चोळू नका. उकळून गाळलेलं पाणी वापरा.

पंचा की टॉवेल, वेणी की अंबाडा?

सुती पंचा जाड टॉवेलपेक्षा चांगलाच, पण त्याने ओले केस फटाफट झटकण्याची सवय घातक. ओला केस ताणला जातो आणि त्या अवस्थेत लवकर तुटतो. पंचा गुंडाळून पाणी टिपू द्या. सरळ केस बरेचसे वाळल्यावर, टोकाकडून सुरुवात करून, रुंद दातांच्या कंगव्याने विंचरा. कुरळ्या केसांचं उलट: ते कंडिशनर लावलेले, ओले असतानाच सोडवावेत. लांबी टिकवण्याचे बरेच सल्ले आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या दाट कुरळ्या केसांच्या अनुभवातून आलेले आहेत. आपल्या सरळ केसांना ते सगळे जसेच्या तसे लागू होत नाहीत. टोकं आत दडवून ठेवण्याचा त्यांचा आग्रह मात्र सगळ्यांनीच घ्यावा.

म्हणूनच लोकलने किंवा स्कूटरवर रोज जाणारीसाठी सैल अंबाडा वेणीपेक्षा सरस. वेणीचं टोक पर्सच्या पट्ट्यात, सीटच्या पाठीत, ओढणीच्या जरीत घासत राहतं, नेमका सगळ्यात जुना भाग. हेल्मेटखाली अंबाडा बसत नसेल तर वेणी घालून ती कुर्त्याच्या आत सोडा. झोपताना वेणी ठीक, पण सैल आणि कापडी बँडची. उघडं रबरबँड नको. कपाळाच्या कडेचे केस मागे सरकत असतील तर घट्ट बांधणं लगेच थांबवा.

कागदावर पांढऱ्या गाठीचेच केस मुठीने पडत असतील आणि तीन महिन्यांत ते थांबलं नाही, तर तेल-कात्री बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतील. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा, त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.