चीअर, मल्लखांब की लेझीम? सातवीतल्या मुलीसाठी ठरवताना

धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी सातवीत, खो-खोच्या संघात. यंदा शाळेनं चीअरलीडिंगचं पथक काढायचं ठरवलंय, शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचा. "अक्का, पोरगी जायचं म्हणून अडून बसलीय, आणि हे म्हणतात, आयपीएलमध्ये नाचतात ते? मुळीच नको." शाळेत मल्लखांब आहेच, आणि लेझीम तर सोलापुरात गल्लोगल्ली. मी शाळेत असताना दोरीचा मल्लखांब केलाय, माझी थोरली दोन वर्षं चीअरच्या पथकात होती. तेव्हा बहिणीला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आधी दाजींची शंका. चीअरलीडिंगची सुरुवात 2 नोव्हेंबर 1898 ची मानतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी पुढे येऊन प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेऊ लागला. पहिली कितीतरी वर्षं हे काम पुरुषांचंच होतं, मुली नंतर आल्या. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. ऑलिम्पिकमध्ये तो अजून खेळवला जात नाही, पण खेळ म्हणून त्याची गणती होते. स्पर्धेतला कार्यक्रम साधारण अडीच मिनिटांचा. त्यात कोलांट्या, उड्या, साथीदाराला उचलणं, हवेत उडवून झेलणं आणि मनोरे असतात. दहीहंडीचे थर पाहिलेल्याला यातली ताकद वेगळी सांगायला नको. पोशाखाचं म्हणाल तर तो शाळा ठरवते. पूर्ण बाह्या आणि ट्रॅक पँट घालूनही सगळं करता येतं, पालकांनी तसं मागावं.

मात्र शाळेचं "चीअर" नक्की कुठलं, हे पहिल्यांदा विचारा. एक प्रकार मैदानाच्या कडेचा: आपल्या संघाच्या सामन्याला घोषणा, टाळ्या, थोड्या हालचाली, वर्षाअखेर गॅदरिंगला कार्यक्रम. दुसरा स्पर्धेचा. दोन्हींचा वेळ, खर्च आणि धोका यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भाचीच्या बाबतीत पहिला प्रकार तर जुळतच नाही. तिचा खो-खोचा सामना असेल तेव्हा ती मैदानात असणार, कडेला कशी उभी राहील?

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसते ते, म्हणजे पायाखालची जमीन. माझ्या मुलीचं मनगट मोडलं ते शहाबादी फरशीवर. गॅदरिंग चार दिवसांवर आलं होतं, हॉलमध्ये मॅट नव्हत्या, आणि "एकदाच करून बघू" म्हणून मनोरा लावला. वरची मुलगी घसरली, हिनं तिला सावरलं आणि स्वतः हातावर पडली. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. वरच्या मुलीला खरचटलंही नाही याचं मला आजही बरं वाटतं, पण त्या फरशीवर पोरींना चढवणाऱ्यांचा राग गेलेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्ये हेच बजावलं होतं: कठीण, ओल्या किंवा खडबडीत जागेवर अशा कसरती करू नयेत, मनोरा दोन माणसांपेक्षा उंच नसावा, शिकवणारा प्रशिक्षित असावा. आपल्याकडची मुरमाड मैदानं आणि फरशीचे हॉल बघता हे तीनही मुद्दे शाळेला लेखी विचारण्यासारखे आहेत.

मल्लखांबात पडायची भीती नाही असं नाही. पण तिथं तुमचा तोल तुमच्या पकडीवर असतो. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत धरायला शिकेपर्यंत कातडी सोलून निघते. पहिले दोन-तीन महिने फार चिवटपणा लागतो आणि बऱ्याच मुली तिथंच सोडून देतात. जी टिकते तिची पाठ, पोट, खांदे असे तयार होतात की खो-खोत पळताना ते दिसतं. शिवाय पुढची वाट आखलेली आहे: शालेय जिल्हा, विभाग, राज्य, मग खेलो इंडिया. 2022 चा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हळकर यांना मल्लखांबासाठीच मिळाला. दहावीचे क्रीडागुण डोळ्यांपुढे असतील, तर चीअरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याला चालेल का, हे फॉर्म भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून या.

एका बाबतीत चीअर मला मनापासून आवडतं. दणकट बांध्याच्या मुलीला तिथं मानाची जागा आहे. खाली उभी राहून उचलणारी ती बेस, मागून मान-पाठ सांभाळणारी बॅक स्पॉट, वर जाणारी फ्लायर. बेस पक्की नसेल तर फ्लायर काहीच करू शकत नाही. वजनावरून टोमणे खाल्लेली माझी पोरगी "माझ्यावर तिघी उभ्या राहतात" असं ताठ मानेनं सांगायची. उलट फ्लायर होणाऱ्या बारक्या मुलीला "अजून कमी कर" म्हणणारा प्रशिक्षक भेटला, तर मुलीला त्याच दिवशी घरी आणा.

हजेरीचंही बघा. उचलणाऱ्यांपैकी एक गैरहजर राहिली की तो डाव त्या दिवशी होतच नाही. जानेवारीत सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, घरातली लग्नं, खो-खोचे सामने, प्रत्येक वेळी बाकीच्यांचा खोळंबा. मल्लखांबात चुकलेला दिवस आपला आपण भरून काढता येतो.

लेझमीबद्दल थोडक्यात सांगते, कारण सोलापूरकराला ती समजवायची गरज नाही. पाय जमिनीवर, खर्च नगण्य, आणि हलगीवर अर्धा तास चार आवाज, आठ आवाज हे लेझमीचे प्रकार केले की मांड्या भरून येतात. चढाओढ नको, मैत्रिणी आणि ताल हवा, अशा मुलीला मी डोळे झाकून लेझमीत घालीन.

भाचीनं खो-खो सोडू नये, हे माझं पक्कं मत. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठीच अर्जुन पुरस्कार मिळाला, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. जोडीला काही हवं असेल तर आठवड्यातून तीन सकाळी मल्लखांब. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा सराव सकाळी आठच्या आत संपला पाहिजे, मग खेळ कुठलाही असो.

ती अजूनही चीअरच म्हणते. मग बहिणीला म्हटलं, फॉर्म कोराच ठेव आणि शुक्रवारी सरावाला जाऊन बस. मॅट मोज. पहिल्या महिन्यात ते पडायला आणि झेलायला शिकवतात की थेट मनोरा लावतात, ते बघ. दाजींनाही घेऊन जा.