आवाज फाटतोय: स्पीकर बदलायचा, कंडेन्सर बदलायचे की कॉइल फिरवायची?

जुन्या एफएम वायरलेस सेटवर (दोन्हीकडून बोलता येतं अशा) समोरच्याचा आवाज फाटायला लागला की सल्ले तीनच मिळतात. स्पीकर बदला, सगळे कंडेन्सर बदला, नाहीतर आयएफची (आत आलेला सिग्नल ज्या मधल्या फ्रीक्वेन्सीवर आणतात तिची) कॉइल फिरवून बघा. तिन्ही सल्ले कधी ना कधी बरोबर ठरतात, पण कष्ट आणि धोका सारखा नाही. स्पीकरच्या कामात बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं. कॉइल मात्र अंदाजाने फिरवली तर बऱ्यापैकी चालणारा सेट पार बसतो. हे सगळं 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या हौशी सेटांना आणि टॅक्सी-बंदोबस्ताच्या कामातून सुटलेल्या व्हीएचएफ मोबाइल सेटांना लागू आहे. डिजिटल सेटांचा विषय वेगळा.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट बघा: सगळ्यांचा आवाज फाटतो, की एकाच माणसाचा? एकाचाच असेल तर दोष बहुधा त्याच्या सेटमध्ये आहे. 25 किलोहर्ट्झ चॅनलवर डेव्हिएशन (बोलताना फ्रीक्वेन्सी केंद्रापासून जितकी सरकते ते अंतर) 5 किलोहर्ट्झपर्यंत जातं, 12.5 च्या चॅनलवर 2.5 पर्यंत. तुमचा सेट अरुंद फिल्टरवर असेल आणि समोरचा रुंद बोलत असेल, तर मोठ्याने बोललेल्या प्रत्येक शब्दाचं टोक कापलं जाणारच. उलट परिस्थितीत आवाज फक्त बारीक येतो, फाटत नाही.

स्पीकर

बाहेरचा चांगला स्पीकर जॅकला लावा: हँडसेटला 8 ओहम, मोबाइल सेटला बहुतेक वेळा 4 ओहम. आवाज स्वच्छ झाला की निकाल लागला. आतला स्पीकर काढून कोनवर दोन्ही बाजूंनी समान बोटं ठेवून हलकेच दाबा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल चुंबकाला लागतेय. किनाऱ्यावर वापरलेल्या सेटात कागदी कोन ओल धरतो आणि चुंबकाच्या फटीत गंजाचे कण बसतात. 8 ओहमच्या स्पीकरची मल्टिमीटरवर 6 ते 7.5 ओहम नोंद यायला हवी, पण नोंद बरोबर आली म्हणजे स्पीकर चांगला असं नव्हे. घासणारी कॉइलही तोच आकडा दाखवते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे स्पीकर सहज मिळतात. जाताना जुना सोबत न्या, व्यास आणि खोली दोन्ही जुळावी लागतात.

कंडेन्सर

बाहेरच्या स्पीकरवरही आवाज फाटत असेल तर दोष ऑडिओ भागात आहे की त्याच्या आधी, हे आधी ठरवा. एमसी3357 किंवा एमसी3361 हा रिसीव्हर आयसी असलेल्या सेटात आयसीच्या पिन 9 वर डिस्क्रिमिनेटरचा (एफएम सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाचा) आवाज मिळतो. तिथून 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मालिकेत घालून तो आवाज संगणकाच्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्या स्पीकरला द्या. इथला आवाज तिखट, चिरका लागतो, कारण डी-एम्फसिस, म्हणजे वरचे सूर खाली आणणं, पुढे होतं. तिखटपणाला दोष समजू नका; फाटतोय का एवढंच ऐका.

इथे स्वच्छ आणि पुढे फाटका असेल तर कंडेन्सरकडे वळा. मोठ्या आवाजालाच फाटत असेल तर आधी सेटच्या टोकाशी 13.8 व्होल्ट टिकतात का ते बघा. जुनी वायर आणि फ्यूज होल्डरही तेवढेच संशयित. एका टोकाचं आउटपुट (स्पीकरची दुसरी वायर चेसीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला) असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट पिनवर पुरवठ्याच्या साधारण निम्मे, म्हणजे 7 च्या आसपास व्होल्ट हवेत. फार हटले असतील तर बायस, म्हणजे तिथला ठरलेला स्थिर व्होल्टेज, बिघडलाय.

बरेच जण संशयित कंडेन्सरवर दुसरा चांगला समांतर धरून बघतात. क्षमता घटली असेल तर फरक पडतो. गळती असेल तर ही युक्ती काहीच दाखवत नाही. 1 ते 10 मायक्रोफॅरडचे कपलिंग कंडेन्सर (आवाज एका टप्प्यातून पुढच्यात नेणारे) गळायला लागले की पुढच्या टप्प्याचा बायस सरकतो, म्हणून ते काढूनच तपासावे लागतात. 1980-90 च्या दशकांतल्या सेटांत छोटे एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाखलेले) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतील तर खालचे पॅडही बघा. गळलेलं द्रव तांबं खातं, आणि डाख काढताना पॅड उखडण्याची भीती मोठी.

एक खबरदारी: काही मोबाइल सेटांत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यातली एकही चेसीला लावू नका. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिपही नाही. अ‍ॅम्प्लिफायर आयसी तिथेच जातो.

कॉइल

डिस्क्रिमिनेटरलाच आवाज फाटका असेल तरच इकडे या. सेटची फ्रीक्वेन्सी 5 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलता येत असेल तर एक पायरी वर आणि खाली सरकून ऐका. एका बाजूला आवाज सुधारला तर रिसीव्हर केंद्रातून सरकलाय. मग दुसऱ्या सेटवर तुमचं प्रक्षेपण कसं ऐकू येतं ते विचारा. तेही सरकलं असेल तर मूळ संदर्भ ऑसिलेटर दोषी. तो फ्रीक्वेन्सी काउंटरशिवाय हलवू नये, कारण त्यानेच प्रक्षेपणाची फ्रीक्वेन्सीही ठरते. प्रक्षेपण नीट असेल तर दुसऱ्या ऑसिलेटरचा क्रिस्टल (पहिला आयएफ 10.7 असेल तर बहुधा 10.245 मेगाहर्ट्झ), 455 किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर किंवा क्वाड्रेचर कॉइल (डिस्क्रिमिनेटरची, म्हणजे फिरवायची म्हणतात ती आयएफची कॉइल) यांकडे बघा.

कॉइल फिरवायची तर प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. आधी कोअरची (कॉइलच्या आतल्या फिरत्या गाभ्याची) जागा मार्करने खुणवा आणि पाव फेऱ्यापुढे जाऊ नका. जुना कोअर चिकटलेला असतो आणि जोर दिला की तडकतो. नीट जुळल्यावर शब्दांची टोकं दोन्ही बाजूंनी सारखी येतात. कोअर फिरवूनही कुठेच सुधारणा नाही, तर कॉइलच्या डब्याच्या तळातला छोटा कंडेन्सर गेलेला असू शकतो. तो फोडून बाहेरून एनपी0 जातीचा (तापमानाने क्षमता न बदलणारा) नवा लावता येतो. 680 मायक्रोहेन्रीच्या कॉइलला 180 पिकोफॅरड लागतात. काही सेटांत कॉइलऐवजी सिरॅमिक डिस्क्रिमिनेटर असतो. तो जुळवता येत नाही, बदलावाच लागतो.

कष्टांच्या मानाने स्पीकर पहिला, कपलिंग कंडेन्सर दुसरे, आणि कॉइल सगळ्यात शेवटी. सगळे कंडेन्सर एकदम बदलणं मला पटत नाही, कारण एक उलटा लागला तर मूळ दोषावर नवा दोष चढतो. सिग्नल जनरेटर हाताशी नसेल आणि डिस्क्रिमिनेटरलाच आवाज फाटका असेल, तर कोअरला हात न लावता सेट जाणकाराकडे न्या. सोबत तुमची पिन 9 ची नोंदही सांगा. त्याचा अर्धा वेळ वाचतो.