वाफ्याचे चित्र, कुंडीचे माप: नवशिक्यांसाठीच्या भाजीबाग संचाचे परीक्षण

भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर पहिल्यांदाच भाजीपाला करू पाहणाऱ्यांसाठी ‘लागणारे सर्व काही एकाच खोक्यात’ अशा वर्णनाने विकला जाणारा एक संच मी हंगामाच्या सुरुवातीला घेतला आणि चार महिने वापरला. खोक्यावर लांबच लांब वाफ्यांचे चित्र आहे. आत बियाण्यांची दहा पाकिटे, ४० कप्प्यांचा रोपांचा ट्रे, कोकोपीटच्या वड्या, खुरपे, हातकुदळ, दीड लिटरची झारी, मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते) तपासण्याचे साहित्य, ५ लिटर कंपोस्ट, १ किलो मिश्र खत, हातमोजे आणि एक पुस्तिका असा ऐवज निघतो. यातील बहुतेक वस्तू वाईट नाहीत, दोन-तीन तर उत्तम आहेत. मात्र चित्र वाफ्याचे असले तरी संचाचे माप कुंडीचे आहे, आणि ही गोष्ट जमिनीवर उतरल्याखेरीज लक्षात येत नाही.

माझ्याकडे आलेला तुकडा १०० चौरस मीटरचा असून तो दोन वर्षे पडीक होता. सगळा एकदम खणण्याचा मोह टाळून मी पहिल्या हंगामात त्यातील १० चौरस मीटरच उघडले. एवढ्याशा जागेवरही कंपोस्टचा ५ सेंटीमीटरचा थर द्यायचा म्हटले तर अर्धा घनमीटर, म्हणजे ५०० लिटर कंपोस्ट लागते. संचातील ५ लिटरची पिशवी त्यावर पसरली तर थर अर्ध्या मिलिमीटरचा होईल. पाण्याचे गणितही असेच आहे. कोरड्या हवेत आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरले, तर १० चौरस मीटरला २५० लिटर लागतात, आणि दीड लिटरच्या झारीने ते घालायचे तर ती दीडशेहून जास्त वेळा भरावी लागते. नळ वाफ्यापासून साठ पावलांवर असेल तर हे काम किती दिवस टिकेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. मी दुसऱ्याच आठवड्यात १० लिटरच्या दोन झाऱ्या आणल्या. जागा ठरवताना आपण ऊन पाहतो, माती पाहतो. नळाचे अंतर पाहण्याचे मात्र मला सुचले नव्हते, आणि पुस्तिकेतही त्याविषयी अवाक्षर नाही.

खुरप्याचे पाते चांगल्या पोलादाचे आहे, मूठ हाताला बसते आणि चार महिन्यांत ती ढिली झालेली नाही. परंतु पडीक जमिनीचा खरा प्रश्न हरळी आणि लव्हाळा हा असतो, आणि तो खुरप्याने सुटत नाही. हरळीच्या जमिनीखालच्या काड्यांचा पेरभर तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. लव्हाळ्याच्या गाठी तर वीतभर खोल दडून बसतात. वरवर खुरपणे म्हणजे या तणांची छाटणी करण्यासारखेच आहे. येथे लांब दांड्याचा, चार दातांचा काटा लागतो, ज्याने माती उकलून काड्या अखंड ओढून काढता येतात. तो या संचात नाही, आणि खोक्याचा आकार पाहता असूही शकत नाही. उरलेली जागा मी जाड पुठ्ठे आणि काळ्या कापडाने झाकून ठेवली. प्रकाश न मिळाल्याने तण हळूहळू क्षीण होते, पण त्याला अख्खा हंगाम द्यावा लागतो.

बियाण्यांबाबत मत विभागलेले आहे. प्रत्येक पाकिटातील दहा बिया ओल्या कागदावर ठेवून पाहिल्या, तेव्हा मुळा आणि टोमॅटोच्या नऊ-नऊ उगवल्या, कांद्याच्या मात्र चारच. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती एक-दोन वर्षांत झपाट्याने घटते, त्यामुळे पाकिटावर उगवण चाचणीची तारीख असायला हवी होती. येथे फक्त बांधणीची तारीख छापली आहे. पुस्तिका सगळ्या बिया आधी ट्रेमध्ये पेरायला सांगते, हे तर सरळ चुकीचे आहे. टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपे करून लावणे योग्यच, पण गाजराचे सोटमूळ हलवले की फाटे फुटतात, म्हणून ते जागेवरच पेरावे लागते आणि दाटी झाल्यावर विरळणी करावी लागते. त्यातही गाजर उगवायला दोन-तीन आठवडे घेते, तर मुळा चार-पाच दिवसांत दिसू लागतो; गाजराच्या ओळीत मुळ्याच्या चार बिया टाकल्या तर ओळ कोठे आहे ते कळते आणि खुरपताना कोवळे गाजर वाचते. ही साधी युक्ती मला शेजारच्या तुकड्यावरील एका आजींनी सांगितली. आणखी एक विसंगती अशी की टोमॅटोचे बियाणे संकरित असल्याचे पाकिटावर लिहिलेले असताना, पुस्तिका त्याच फळांचे बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायला सांगते. संकरित वाणाच्या बियांपासून पुढच्या पिढीत तीच गुणवैशिष्ट्ये मिळत नाहीत.

सामूची चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटली, मात्र ती ऊर्ध्वपातित पाण्यानेच करावी. नळाचे पाणी वापरले तेव्हा रंग साडेसातच्या आसपास आला. ऊर्ध्वपातित पाण्याने तीच माती साडेसहाची निघाली. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ हा सामू मानवतो, म्हणजे पहिल्या आकड्यावर विसंबून मी नसता उद्योग केला असता. नमुना वरच्या धुळीचा न घेता १५ सेंटीमीटर खोलीचा, चार-पाच ठिकाणचा एकत्र करून घ्यावा.

मिश्र खताची पिशवी मी अजून उघडलेली नाही. वाटाणा आणि घेवडा यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यांना वरून नत्र दिले तर पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. पुस्तिका सरसकट सर्व पिकांना सारखाच चमचा सांगते. पाऊस थांबताच खणायला घ्या, असेही तिच्यात म्हटले आहे. चिकण मातीत हे केले तर ढेकळे दगडासारखी वाळतात. वाफसा येईपर्यंत, म्हणजे मुठीत दाबलेला गोळा टिचकीने फुटेपर्यंत, थांबावेच लागते.

हातमोज्यांबद्दल एवढेच सांगतो की ते फाटले.

खिडकीत किंवा गच्चीवर आठ-दहा कुंड्या लावणाऱ्यांनी हा संच खुशाल घ्यावा. ज्यांना जमिनीचा तुकडा मिळाला आहे त्यांनी खुरपे, ट्रे आणि सामूची चाचणी सुटी घ्यावी, बियाणे चार-पाच पिकांचेच पण ताजे घ्यावे आणि उरलेली रक्कम कंपोस्ट व काटा यांवर खर्च करावी. माझा ट्रे मी पुढच्या हंगामासाठी धुऊन ठेवला आहे. दीड लिटरची झारी मात्र घरातल्या कुंड्यांपाशी ठेवली आहे आणि तेथे ती अगदी मापाची आहे.