दारातली फरशी बदलून नऊ महिने झाले

आमचं घर १९८७ चं, साताऱ्यातलं. दारातून आत आलं की सहा बाय आठ फुटांची जागा आहे. चपलांचा स्टँड, छत्र्या, सायकलचा पंप, सगळं तिथेच. खाली दहा इंची मोझॅक टाइल्स होत्या. दिसायला बऱ्या, पण तीन-चार खचलेल्या. पावसाळ्यात त्यातल्या एकीवर पाय पडला की सांध्यातून पाण्याची पिचकारी थेट पायजम्यावर. आई म्हणत होती, मशीन आणून घासून घ्या, नव्यासारखी होईल. घासून चमक आली असती, पण खालचा खचलेला मुरूम थोडाच वर येणार होता? फेब्रुवारीत फोडायला घेतली.

जुन्यावरच नवी बसवा, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. नऊ मिमीची टाइल, खाली चारेक मिमी केमिकल (टाइल चिकटवायचा तयार मसाला), म्हणजे अर्धा इंच उंची वाढणार. आमचं दार आत उघडतं. ते घासलं असतं आणि उंबरठा बुटका झाला असता. शिवाय डुगडुगणाऱ्या फरशीवर दुसरी फरशी चढवायला माझं मन होईना. फोडकाम एका दिवसात उरकलं. धुळीचं मात्र विचारू नका, आतल्या फडताळातल्या डब्यांवरही आठवडाभर सापडत होती. राडारोडा एकवीस गोण्या निघाला आणि तो उचलायचे पैसे ठरलेल्या रकमेत नव्हते. हे आधीच बोलून घ्या.

मला दोन बाय दोनची टाइल हवी होती, कारण सांधे कमी. मिस्त्री म्हणाला, "दादा, एवढ्याशा जागेत दाराकडं ढाळ द्यायचा तर बारकी घ्या, मोठी टाइल वाकत नाही." ऐकलं म्हणून वाचलो. एक बाय एकची करड्या रंगाची मॅट व्हिट्रिफाइड घेतली. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून त्यावर अनवाणी उभा राहिलो. दुकानदार हसला, हसू दे. यंदा ओल्या चपलांनी, ठिबकत्या रेनकोटांनी तिथे रोज तळं व्हायचं, पण घसरलं कुणीच नाही, आईसुद्धा. साचलेलं पाणीही आत न येता दाराबाहेर जातं.

आता फसलं ते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही. म्हणून मी केमिकलचा हट्ट धरला. पहिल्या दिवशी मिस्त्रीने दातेरी थापीने ते छान पसरलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, हाताखालच्या पोराला पाठवलं. त्याने कोपऱ्यातल्या चार टाइल्सना मधोमध एकेक गोळा लावला आणि दाबून बसवल्या. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी नाण्याने ठोकून पाहिलं तर बाकी सगळीकडे टणटण, कोपऱ्यात बद्द. फोन केला तर उत्तर आलं, "वाळल्यावर आवाज जाईल." आवाज काही गेला नाही. ऑगस्टमध्ये गॅसवाल्याने सिलिंडर नेमका तिथेच आदळला आणि एक टाइल आडवी तडकली. काढली तेव्हा खाली लाडवाएवढा गोळा आणि चहूबाजूंनी पोकळी. पैसे देण्याआधी एकेक टाइल ठोकून पाहायला हवी होती. मी ठोकली ती पैसे दिल्यानंतर.

सफाईचं म्हणाल तर मॅट टाइल मळ धरते. नुसतं पोछा मारून भागत नाही, आठवड्यातून एकदा ब्रश लागतोच. सांध्यांत भरायचं ग्राउट सिमेंटचं भरलं, तिथे चिकूपणा केला. पांढरं नको एवढं सुचलं, म्हणून राखाडी भरलं, तरी चपलांच्या स्टँडसमोर ते काळं पडलंय. उंबरठ्याला लागून असलेल्या सांध्यात तर हळद-कुंकू असं मुरलंय की घासून घासून हात दुखले, डाग तसाच. तिथे तरी इपॉक्सी, म्हणजे डाग सहसा न मुरणारं रेझिनचं ग्राउट, भरायला हवं होतं.

रांगोळीचा विचार तर कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. दिवाळीत आईने लक्ष्मीची पावलं काढली, ती उमटली सुरेख, पण रंग खरखरीत पृष्ठभागात जाऊन बसला. भाऊबीजेनंतर चार दिवस गुलाबी पावलं आमच्याकडे मुक्कामाला होती. आता बाहेर पायरीशी शहाबादी फरशीचा एक तुकडा टाकलाय, रांगोळी त्यावर.

तडकलेल्या जागी नवी टाइल बसली ती मिळतीजुळती, कारण घेतानाच सहा जास्तीच्या घेतल्या होत्या. पुढच्या लॉटमध्ये तीच छटा मिळेल याचा भरवसा नसतो. पाच अजून माळ्यावर आहेत. कोपऱ्यातल्या उरलेल्या तीन पोकळ टाइल्स उन्हाळ्यात काढून पुन्हा बसवायच्या आहेत, आणि त्या दिवशी मी रजा टाकणार आहे.