जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर बदलताना: गिअरबॉक्सचा कूलर आत ठेवावा की बाहेर काढावा?

दहा-बारा वर्षं चाललेल्या ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर गेला, की प्रश्न एकट्या रेडिएटरचा राहत नाही. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या गार बाजूच्या टाकीतच गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर बसवलेला असतो. बाहेरून कूलंट, आतून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि मध्ये पातळ धातूची भिंत. नवा रेडिएटर घेताना त्यामुळे तीन वाटा समोर येतात. मूळ रचनेचाच रेडिएटर बसवायचा, मूळ रचना ठेवून पुढे हवेवर गार होणारा जादा कूलर जोडायचा, किंवा आतला कूलर पूर्ण वगळून सगळं तेल बाहेरच्या कूलरमधून फिरवायचं. मॅन्युअल गाडीवाल्यांनी इथे वेळ घालवू नये. त्यांच्या रेडिएटरचा आणि गिअरबॉक्सचा एकमेकांशी संबंध नसतो.

आतल्या कूलरची बाजू आधी मांडतो, कारण ती रचना मुळात चुकीची नाही. कूलंट लवकर तापतं आणि थंड तेलालाही सोबत तापवतं. तेल पुरेसं गरम झाल्याशिवाय बहुतेक गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलामार्फत जोडणाऱ्या भागाचा) लॉकअप, म्हणजे घसरण थांबवणारी थेट जोड, लागू देत नाहीत. तोवर इंजिन चढ्या फेऱ्यांवर फिरतं आणि इंधन जास्त जातं. हिवाळ्यात शून्याखाली जाणाऱ्या प्रदेशात हा फायदा रोज सकाळी जाणवतो. शिवाय द्रवाला द्रव भिडत असल्याने गाडी उभी असली, समोरून वारा नसला, तरी उष्णता काढून घेतली जाते. जादा होज नाही, जादा क्लिप नाही, बंपर खोलायचा नाही. रेडिएटर निरोगी असेल तर ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तेल राखण्याचं काम ही रचना चोख करते.

अडचण ‘निरोगी असेल तर’ या तीन शब्दांत आहे. जुना रेडिएटर गळायला लागला, की सहसा दिसतो. प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या गाभ्याला दाबून बसवलेली असते तिथे पांढरट-हिरवट डाग येतात, होजच्या तोंडाशी केसाएवढी चीर पडते, जमिनीवर थेंब पडतात. आतला कूलर मात्र आतल्या आत गळतो. जमीन कोरडी, होज कोरडे, तेलाची पातळी जागच्या जागी, कधी थोडी वाढलेलीच. गाडी तापत नाही, कुठला दिवा लागत नाही. गिअर बदलताना हलका धक्का किंवा मध्यम वेगात, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर हेच अनेकदा पहिलं लक्षण असतं आणि तोवर नुकसान सुरू झालेलं असतं. माझ्यापुरता निर्णय या एकाच गोष्टीने केला. जी गळती बघता येत नाही तिच्यावर लक्ष तरी कसं ठेवणार?

हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गिअरबॉक्समध्ये कूलरच्या लाइनमधला तेलाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे तेल कूलंटमध्ये जातं आणि एक्स्पान्शन टाकीत गुलाबी-तपकिरी साय धरते. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो, पण गरम रेडिएटरमध्ये झाकणाच्या क्षमतेइतका, म्हणजे साधारण ०.९ ते १.१ बार दाब बराच वेळ टिकतो. आता प्रवाह उलटा होतो आणि कूलंट गिअरबॉक्सकडे सरकतं. दोष उभ्या गाडीत वाढतो, म्हणून चालवताना तो लवकर कळत नाही. तपासायला गाडी नेली तर तिथेही फसगत होऊ शकते. तेलाच्या दोन्ही लाइन सोडवून, रेडिएटरमध्ये हातपंपाने एक बार दाब भरून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि कूलरच्या तोंडातून ओल येते का बघायचं, ही योग्य पद्धत आहे. पण चीर गरम धातू प्रसरण पावल्यावरच उघडत असेल, तर थंड रेडिएटर या परीक्षेत पास होतो. खात्रीच हवी असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन सोडियम आणि पोटॅशियम बघावं. ही मूलद्रव्यं कूलंटमधल्या गंजरोधकांतून येतात.

हा दोष फक्त हलक्या प्रतीच्या मालात येतो, असंही म्हणता येत नाही. निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्यांत रेडिएटरमधला कूलर फुटून गिअरबॉक्स जाण्याची तक्रार इतकी झाली, की अमेरिकेत कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. त्या गाड्यांत बाकी गिअरबॉक्स दणकट होता. बिघाड बाहेरून आत आला.

आत आलेलं कूलंट नेमकं काय बिघडवतं? क्लच प्लेटांचं घर्षण-अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि ते स्टीलच्या पत्र्यावर चिकटवलेलं असतं. पाणी त्या तंतूंत मुरतं, कूलंटमधलं ग्लायकॉल चिकटवण सैल करतं आणि अस्तर सुटायला लागतं. सुटलेले तंतू व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअर बदलण्यासाठी तेलाचा दाब वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकतात, बेअरिंगवर गंज धरतो. म्हणून तेल ‘थोडंसंच’ दुधाळ दिसलं तरी त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

मधली वाट, म्हणजे आधी आतला कूलर आणि मग बाहेरचा, ही पुष्कळ लोक सुचवतात. जड ट्रेलर ओढणाऱ्या किंवा घाटात राबणाऱ्या गाडीला ती उपयोगी आहे. तेल आधी रेडिएटरमधून जाऊन मग हवेवर गार होतं आणि थंडीतला फायदाही बराच टिकतो. पण ती उष्णतेचा प्रश्न सोडवते, गळतीचा नाही. मधली भिंत होती तिथेच राहते. नव्या, चांगल्या प्रतीच्या रेडिएटरसोबत ही जोडणी केली तर पुढची काही वर्षं काळजी नसावी. जुनाच रेडिएटर ठेवून केली तर मूळ धोका तसाच राहतो आणि खर्च मात्र होतो.

राहिला फक्त बाहेरचा कूलर. माझा कल इकडे आहे, पण तो नीट बसवला तरच. घाईत बसवलेला बाहेरचा कूलर आतल्यापेक्षा वाईट ठरू शकतो. एक क्लिप सुटली तर काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा होतो.

कूलर प्लेटांच्या थरांचा घ्यावा. नळी आणि पातळ पंखांच्या जुन्या प्रकारापेक्षा त्याच आकारात तो जास्त उष्णता टाकतो. गाडी थंड हवेत चालणार असेल तर सोबत थर्मोस्टॅटिक बायपास हवाच. तेल साधारण ८० अंशांखाली असेपर्यंत हा व्हॉल्व्ह बहुतेक तेल कूलरला वळसा घालून परत पाठवतो आणि आतल्या कूलरचा जो खरा फायदा होता तो बराचसा भरून काढतो. लोक नेमकी इथेच बचत करतात आणि मग हिवाळ्यात लॉकअप उशिरा लागतो म्हणून कूलरला दोष देतात.

जागा एसीच्या कंडेन्सरपुढे, दोघांत बोटभर अंतर ठेवून. किटमध्ये कधीकधी प्लॅस्टिकच्या लांब पिना येतात. त्या कंडेन्सरच्या पंखांतून आरपार घालून कूलर लटकवायचा असतो. त्या वापरू नयेत. हादऱ्यांनी घासून त्या कंडेन्सरची नळी भोकतात आणि एसीचा गॅस जातो. पत्र्याच्या पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने कसाव्यात. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला असावीत. खाली असली तर आत हवा अडकून राहते.

होज गिअरबॉक्स तेलासाठीच बनवलेला हवा. पेट्रोलचा किंवा कूलंटचा होज सुरुवातीला चालतो, पण गरम एटीएफने कालांतराने फुगतो किंवा कडक होऊन तडकतो. आतला व्यास मूळ लाइनएवढा ठेवावा. बऱ्याच गाड्यांत तो ३/८ इंच असतो. स्टीलची लाइन कापावी लागली तर कापलेल्या टोकाला फुगवटा काढून घ्यावा. गुळगुळीत टोकावरून होज दाबाने निसटतो. होज किमान २५ मिलिमीटर आत चढवावा आणि बोल्टने सर्व बाजूंनी सारखी आवळणारी क्लिप लावावी. खाचांची साधी पट्टीक्लिप रबर कापते. परतीच्या लाइनवर चुंबक असलेला छोटा फिल्टर बसवला तर जुन्या गिअरबॉक्समधला लोखंडी कीस तिथे अडतो. जाणारी लाइन कोणती ते ओळखायला थंड गाडी सुरू करून दोन्ही नळ्यांवर हात ठेवावा. आधी कोमट होते ती जाणारी.

नवा कूलर आणि होज मिळून साधारण अर्धा लिटर तेल जास्त लागतं, पण अंदाजाने ओतून थांबू नये. पातळी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच बघावी. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळीचा बोल्ट ठरलेल्या तापमानाच्या मर्यादेत, इंजिन चालू ठेवून उघडायचा असतो. गार तेलावर बघितली तर तेल जास्त भरलं जातं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात आणि होज चार-पाच वर्षांनी कूलंटसोबत बदलून टाकावेत. हा जादा व्याप आहे, हे मान्य. पण या रचनेत काही बिघडलंच तर तेल जमिनीवर दिसतं, बंपरच्या आतल्या बाजूला ओल दिसते आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये जायला वाटच उरत नाही.

कूलंट आधीच मिसळलं असेल तर निवड वेगळी होते. इंजिन सुरू करू नये, गाडी ओढून न्यावी. फक्त चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची टाकी) रिकामं करून तेल बदलल्याने काम होत नाही, कारण निम्म्याहून अधिक तेल टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी आणि लाइनमध्ये राहतं. समजा एकूण १० लिटर तेल आहे आणि चेंबरमधून ४ लिटर निघतं. पहिल्या बदलानंतर जुनं ६० टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर सुमारे २२ आणि पाचव्यानंतरही जवळपास ८ टक्के. परतीची लाइन सोडवून, एकेक लिटर बाहेर काढत तेवढंच नवं भरत गेलं तर कमी तेलात जास्त स्वच्छता होते. मिसळ अगदी नुकती लक्षात आली असेल आणि थरथर सुरू झाली नसेल, तर हा प्रयत्न करून बघण्यासारखा आहे. थरथर सुरू झाली असेल तर तेल बदलत राहण्यात पैसे घालवू नयेत. अस्तर परत चिकटत नाही.

मग ओव्हरहॉल की वापरलेला गिअरबॉक्स? ओव्हरहॉल करणारा नवा किंवा दुरुस्त केलेला टॉर्क कन्व्हर्टर घालणार असेल, तर माझं मत ओव्हरहॉलच्या बाजूने. जुना कन्व्हर्टर धुऊन घालतो म्हणाला तर नाही, कारण त्याच्या आतली लॉकअप प्लेट तेच ग्लायकॉल प्यायलेली असते. वापरलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचाही आधीचा रेडिएटर कसा होता हे कोणी सांगू शकत नाही. निदान त्याचं तेल पांढऱ्या कागदावर घेऊन बघावं आणि चेंबर उघडून चुंबकावरचा कीस तपासावा. मऊ राखाडी लेप चालतो, टोचणारे तुकडे चालत नाहीत. काहीही निवडलं तरी जुन्या लाइन धुऊन घ्याव्यात. कूलंटच्या बाजूचे रबरी होजही बदलावेत, कारण ते रबर तेलात फुगतं.

मूळ रचना कोणी ठेवावी? गाडी दोन-तीन वर्षांतच विकायची असेल, प्रदेश कडक थंडीचा असेल आणि नवा रेडिएटर मूळ प्रतीचा मिळत असेल, तर तिच्यात बदल करण्याचं फारसं कारण दिसत नाही. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलणारं गुणोत्तर असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेल्या गाड्यांत जास्त सावध राहावं. अनेकांत तेल गरम-थंड करणारा उष्णता-विनिमयक गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो आणि संगणक ठरावीक तापमान धरून चालतो. तिथे उत्पादकाच्या रचनेला सहसा हात लावू नये. रेडिएटर निम्मा चोंदलेला असेल, तर बाहेरचा कूलर लावून तो झाकायचाही प्रयत्न करू नये. गळती बुजवणारी भुकटी तर आत कूलर असलेल्या रेडिएटरमध्ये टाकूच नये. ती आधी हीटरच्या बारीक नळ्या बुजवते.

बाहेरचा कूलर घ्यायचं ठरलं, तर नव्या रेडिएटरची निवडही बदलते. त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा, आत कूलर नसलेला रेडिएटर अनेकदा त्याच बोल्टांवर बसतो. गाभ्याची जाडी आणि पंख्याच्या कवचाचे बोल्ट मात्र आधी मोजून घ्यावेत. तो मिळाला नाही आणि कूलरवालाच घ्यावा लागला, तर त्याची दोन्ही रिकामी तोंडं रबरी टोपीने झाकू नयेत. आट्यांचे पितळी प्लग लावून घट्ट करावीत. पुढे कधी आतली भिंत फुटलीच, तर कूलंट त्या रिकाम्या नळीत भरून तिथेच थांबेल.